ड्रॅगनच्या शेपटीला किती नोड?

घोडा काढताना पायाचा सांधा चुकला तर पाहणाऱ्याला ते लगेच खटकतं, कारण घोडा त्यानं पाहिलेला असतो. ड्रॅगन कुणीच पाहिलेला नाही, म्हणून तो काढायला सोपा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात खरी कसोटी तिथेच लागते. घोड्याच्या चित्रात पाहणाऱ्याची आठवण मदतीला धावते आणि राहून गेलेलं भरून काढते. ड्रॅगनच्या चित्रात अशी मदत मिळत नाही. शेपटीला वजन आहे, शिंग वर्षानुवर्षं वाढत वळत गेलंय, पंखाचं कातडं हाडांमध्ये ताणलेलं आहे, हे सगळं आकाराच्या कडेनेच पटवायचं असतं. कड पटली की तिच्या आत खवले, प्रकाश, धूर काहीही चढवा, शोभून दिसतं. कड लटपटली तर आतलं रंगकाम कितीही देखणं असो, जनावर उभं राहत नाही.

ही कड व्हेक्टरमध्ये, म्हणजे संगणकावर बिंदू आणि वक्रांनी आकार बांधायच्या पद्धतीत, काढायला घेतली की बहुतेकांचं घोडं नोडच्या, म्हणजे रेषा ज्या बिंदूंतून जाते त्यांच्या, संख्येवर अडतं. पेन्सिल टूलनं एक लांब शेपटी ओढली की प्रोग्राम तिच्यावर सहज चाळीस-पन्नास नोड टाकून मोकळा होतो. दुरून रेषा बरी दिसते. मोठी करून पाहिली की ती थरथरलेली असते, आणि एक नोड सरळ करायला जावं तर शेजारचे दोन वाकडे होतात. त्याच शेपटीच्या एका कडेला पाच नोड पुरतात. हा नुसता नेटकेपणाचा आग्रह नाही. सजीवाच्या अंगाची रेषा एकाएकी आपला बाक बदलत नाही. बाक वाढतो तो हळूहळू, ओसरतो तोही हळूहळू. दोन नोडमधला वक्र हे काम आपणहून करतो. हा ओघ तुटायची भीती असते ती फक्त नोडवर, म्हणून जितके नोड जास्त तितक्या तुटण्याच्या जागा जास्त.

संगणक येण्यापूर्वी जहाजांचे आराखडे काढणारे लोक लाकडाची पातळ लवचिक पट्टी वाकवत आणि ती शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून तिच्या कडेनं वक्र आखत. वजनं मोजकी आणि योग्य जागी ठेवली की पट्टी स्वतःच डौलदार वळण घेई. १९५९ मध्ये सिट्रोएन मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी हीच गरज गणितानं भागवली, पण कंपनीनं ते काम गुप्त ठेवलं. रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात याच जातीच्या वक्रांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेतून हे वक्र छपाईत शिरले, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या पेन टूलमधून चित्रकारांच्या हाती आले आणि आज इंकस्केप, क्रिटा, अॅफिनिटी, फोटोशॉप कुठेही पेन टूल उचललं तरी आपण तेच वक्र वापरत असतो. मोटारीच्या पत्र्यासाठी जन्मलेली ही रेषा शिंगाला आणि पंखाला इतकी चपखल बसते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. दोन्हीकडे मागणी एकच आहे. प्रकाश पडला की बाकातला झटका दिसता कामा नये.

एका वक्राला चार बिंदू असतात. दोन टोकांचे नोड आणि प्रत्येकातून निघणाऱ्या, ओढून वळवता येणाऱ्या दांडीचं, म्हणजे हँडलचं, एकेक टोक. हँडलची दिशा सांगते की वक्र नोडमधून कुठल्या बाजूला निघणार. लांबी सांगते की ती दिशा तो किती वेळ धरून ठेवणार. लांब हँडल म्हणजे नोडपाशी सपाटपणा, आखूड हँडल म्हणजे तिथेच झटकन वळण. याचा हिशेब नेमका आहे. समोरच्या हँडलचं टोक जागचं हललं नाही, तर नोडपाशी बाक हँडलच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हँडल दुप्पट केलं की बाक चौथ्या हिश्श्यावर येतो. पाच-दहा पिक्सेलनं काय होणार, असं म्हणून हँडल ओढणाऱ्यांना वक्र एकदम अंगावर येतो तो याच वर्गामुळे.

सुरुवात करताना हँडलची लांबी दोन नोडमधल्या वक्राच्या साधारण एक तृतीयांश धरावी. दोन्ही हँडलं मनातल्या मनात पुढे वाढवली तर ती जिथे एकमेकांना छेदतील, त्या बिंदूच्या अलीकडेच दोघांनीही थांबायला हवं. दोन्ही त्याच्या फार पुढे गेली की मध्ये टोक उमटतं, आणखी पुढे नेली तर चक्क गाठ बसते. आणखी एक गोष्ट पाठ असलेली बरी. समोरासमोरची दोन हँडलं जोडरेषेपासून सारख्याच उंचीवर असली, तर वक्राचा फुगवटा त्या उंचीच्या बरोबर तीन चतुर्थांश होतो. ४५ पिक्सेलचा फुगवटा हवा असेल तर हँडलं ६० वर न्यायची. डोळ्यानं चाचपडत बसावं लागत नाही.

नोड कुठे टाकायचा? कड जिथे सर्वांत जास्त बाहेर जाते तिथे, म्हणजे वळणाच्या माथ्यावर. नवखा हात उलटं करतो. तो एक वळण संपून दुसरं सुरू होतं त्या मधल्या जागी नोड टाकतो, कारण तिथे 'भाग संपला' असं वाटतं. पण त्या जागी बाक शून्य असतो. नोडच्या दोन्ही बाजूंनी बाक बरोबर शून्यावर आणून जुळवणं हातानं जवळपास अशक्य आहे. नोड माथ्यांवर ठेवले तर मधला वक्र शून्यातून स्वतःच पार होतो, आणि एस आकाराची लकेर अखंड येते. माथ्यावरची हँडलं शक्य तिथे आडवी किंवा उभी ठेवली की नंतर दुरुस्ती सोपी जाते. इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट दाबून हँडल ४५ अंशांच्या टप्प्यात अडकवता येतं, इंकस्केपमध्ये कंट्रोल दाबून १५ अंशांच्या. मात्र हा नियम सगळीकडे लावू नये. शिंगात तो चक्क घात करतो, त्याबद्दल पुढे.

आता शेपटी. आधी फक्त मधली रेषा काढावी, कण्याची. बुंधा, पहिल्या वळणाचा माथा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा आणि टोक, असे पाच नोड. ही रेषा नुसती पाहूनच शेपटी जड आहे की चपळ, हे कळायला हवं. वळणं सारख्या आकाराची झाली असतील तर इथेच मोडावी. बुंध्याजवळचं वळण मोठं आणि आळसावलेलं, टोकाकडचं लहान आणि घट्ट, ही सर्वसाधारण चाल. मग कण्याच्या रेषेवर प्रत्येक नोडपाशी आणि मध्ये एखाद-दोन ठिकाणी वर्तुळं ठेवावीत. बुंध्याला १६० पिक्सेल व्यासाचं, मग ११०, ७०, ३५, आणि टोकाला काहीच नाही. या वर्तुळांना स्पर्श करत जाणाऱ्या दोन कडा म्हणजे शेपटी.

इथे आळस करून कण्याच्या रेषेला जाड स्ट्रोक, म्हणजे रेषेची जाडी, देऊन त्याचाच आकार करून घ्यायचा मोह होतो. बेझिए वक्राला समांतर जाणारा वक्र सामान्यतः बेझिए नसतो. म्हणून प्रोग्रामला तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो, आणि 'स्ट्रोक टू पाथ' (जाड रेषेचा नोडांनी बांधलेला पाथ, म्हणजे आकार, करणं) केल्यावर नोडचा पाऊस पडतो. कडा हातानं काढल्या तर प्रत्येकी पाच नोडांत काम होतं, फक्त हँडलं दोन्ही कडांना वेगवेगळी लागतात. उदाहरण घेऊ. कण्याच्या वळणाची त्रिज्या २०० आणि तिथली जाडी ११०. म्हणजे बाहेरच्या कडेची त्रिज्या २५५, आतल्या कडेची १४५. पाव वर्तुळाचा वक्र काढायला हँडल त्रिज्येच्या ०.५५२३ पट लागतं. बाहेर १४१ पिक्सेल, आत ८०. बाहेरचं हँडल आतल्याच्या पावणेदोन पट झालं. दोन्ही कडांना एकच माप दिलं की वळणावर शेपटी दबल्यासारखी बारीक होते किंवा सूज आल्यासारखी फुगते, आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही, कारण नोड तर सगळे योग्य जागी असतात.

याच हिशेबातून आणखी एक मर्यादा निघते. वळणाची त्रिज्या जाडीच्या निम्म्याहून कमी झाली की आतली कड स्वतःवरच उलटते. ११० जाडीच्या शेपटीला ५० त्रिज्येचं वळण दिलं तर आतल्या कडेला जागाच उरत नाही, तिथे उलटी गाठ पडते. इतकं घट्ट वळण हवंच असेल तर आतली कड मोडावी. कातडीला घडी पडली असं समजून तिथे कोपऱ्याचा नोड टाकावा आणि घडीचा वेगळा छोटा आकार वर ठेवावा. ते खरंही दिसतं. मांस दबल्यावर घडीच पडते.

शेपटीनं स्वतःलाच वेटोळं घातलं असेल तर भरण्याच्या नियमाकडे लक्ष हवं. व्हेक्टरमध्ये आकार भरायचे दोन नियम आहेत. 'इव्हन-ऑड' नियमात आकार स्वतःवरून गेला की तो दुहेरी भाग रिकामा सुटतो, शेपटीच्या मधोमध पार्श्वभूमी डोकावते. 'नॉन-झिरो' लावला की वेटोळ्याचा तो भाग भरतो. पण भरला तरी वरचा वेढा कुठला, खालचा कुठला हे दिसत नाहीच. म्हणून वेटोळं सरळ दोन आकारांत तोडावं. खालचा वेढा एक, वरचा दुसरा, आणि मधल्या सावलीला हक्काची जागा. हाच नियम उलट बाजूनं मुखवट्याच्या डोळ्यांना लागतो. तिथे भोकं हवी असतात आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली की ती बुजतात. नॉन-झिरोमध्ये भोक टिकायला आतल्या वळशाची दिशा बाहेरच्याच्या उलट असावी लागते. पाथ मेनूतला 'रिव्हर्स' त्यासाठीच आहे.

शिंगाजवळ मला जरा थांबायचं आहे, कारण काल्पनिक चित्रांत सगळ्यात जास्त बिघडलेली दिसतात ती शिंगंच. मेंढ्याचं शिंग बुंध्याशी वाढतं, आकार तोच राखून मोठं होत जातं. म्हणून त्याचं वळण लॉगरिदमिक सर्पिलाच्या जवळ जातं. दर पाव फेऱ्याला केंद्रापासूनचं अंतर ठरावीक पटीनं घटतं. ही पट ०.८ धरा. बाहेरची कड केंद्रापासून ४०० पिक्सेलवर सुरू झाली तर पाव-पाव फेऱ्यानं अंतरं येतात ४००, ३२०, २५६, २०५, १६४. एक फेरा पूर्ण झाला. आतली कड २६० वर सुरू करा, तिलाही तीच पट लावा. ती एका फेऱ्यानंतर १०६ वर येते. शिंगाची जाडी सुरुवातीला १४०, फेऱ्याअखेर ५८. जाडी आपोआप त्याच प्रमाणात घटली, वेगळं काही करावं लागलं नाही. शिवाय बाहेरचा फेरा २६० ला संपतो आणि त्याच्या आतला फेरा १६४ ला सुरू होतो, म्हणजे मध्ये हवाही खेळते. शेवटच्या पाव फेऱ्यात दोन्ही कडा एका टोकावर आणून मिटवायच्या.

आता तो घात. नोड बरोबर जागी पडले, आणि सवयीनं शिफ्ट दाबून सगळी हँडलं आडवी-उभी केली. प्रत्येक नोड 'स्मूथ' आहे, कुठे कोपरा नाही. तरी शिंग तुकड्यांत जोडल्यासारखं दिसतं, आणि चकाकीचा पट्टा रंगवायला घेतला की तो नोडपाशी अडखळतो. कारण या चार पाव फेऱ्यांचे आता लंबवर्तुळाचे तुकडे झाले आहेत. ३२० च्या नोडवर आकडे पाहा. ४०० कडून येणारा तुकडा तिथे पोचतो तेव्हा त्याच्या बाकाची त्रिज्या, म्हणजे तिथे चपखल बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या, ५०० असते. त्याच नोडमधून २५६ कडे निघणारा तुकडा सुरू होतो २०५ त्रिज्येनं. अडीचपटीचा झटका एका बिंदूवर बसला. खऱ्या सर्पिलात तिथे दोन्ही बाजूंनी ३२३ असायला हवी.

उपाय सोपा आहे. सर्पिलाची स्पर्शरेषा त्रिज्येला काटकोनात नसते, ती थोडी आत झुकलेली असते. ०.८ च्या पटीला हा कल ८ अंशांचा येतो. प्रत्येक हँडलची जोडी काटकोनापासून ८ अंश आत फिरवायची आणि प्रत्येक हँडलची लांबी त्या नोडच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या ०.५५ पट ठेवायची. ४०० वर २२०, ३२० वर १७६. एवढ्यानं नोडच्या दोन्ही बाजूंची त्रिज्या तीनशे ते तीनशे तीसच्या दरम्यान येते आणि चकाकी सरळ पुढे वाहते. इतकं मोजायचा कंटाळा असेल तर एकच पाव फेरा मन लावून काढावा, त्याची प्रत करावी, फिरण्याचं केंद्र सर्पिलाच्या केंद्रावर आणावं, ९० अंश फिरवून ८० टक्के करावी. हेच पुन्हा करत जावं आणि शेवटी टोकाचे नोड जोडावेत. इंकस्केपचं तयार सर्पिल टूल इथे तितकं कामाचं नाही. त्यात 'डायव्हर्जन्स' १ ठेवला की वेढ्यांमधलं अंतर सारखं येतं. गुंडाळीला ते शोभतं, शिंगाला नाही.

पट किती ठेवायची, हा मात्र नजरेचा भाग. ०.८ नं भारदस्त, घट्ट वेटोळ्याचं शिंग होतं. ०.६ च्या आसपास गेलं की शिंग पटकन उघडतं आणि जेमतेम एका फेऱ्यात संपतं. तरुण जनावराला ते बरं दिसतं. दोन्ही शिंगांना आरशातली प्रतिमा लावायची असेल तर लावावी, पण नंतर एका शिंगाचं टोक थोडं तुटलेलं किंवा अर्धा वेढा कमी असं करून पाहावं. निसर्गात वाढलेलं शिंग इतकं सारखं नसतं.

पंखासाठी वटवाघूळ समोर ठेवावं. कोपर, मनगट, मनगटाशी आखूड अंगठा, आणि तिथूनच पसरलेली चार लांब बोटं. ड्रॅगनला बोटं कितीही द्या, पण ती निघायला हवीत मनगटातून. कोपरातून आणि खांद्यातून फुटलेली बोटं पंखाला मिटू देणार नाहीत, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही पंख खोटा वाटतो. बोटांच्या टोकांमधली पडद्याची कड नेहमी आत, मनगटाच्या दिशेनं खचलेली असते, कारण कातडं ताणलेलं आहे. ती बाहेर फुगवली की पंखाची छत्री होते.

दोन टोकांमध्ये एकच वक्र, मध्ये नोड नाही. टोकांमधलं अंतर २४० असेल, तर हँडलं एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे ८० आणि १६० वर, सारख्या खोलीला ठेवावीत. नेमका पॅराबोला मिळतो. वर सांगितलेला पाऊण पटीचा हिशेब इथे लावायचा. ३० पिक्सेल खचायला हवं तर हँडलं ४० वर. आता सगळ्या कमानी सारख्या खोलीच्या करू नयेत. पंखाच्या टोकाकडे बोटं कातडं ताणून धरतात, तिथे खोली अंतराच्या आठव्या हिश्श्याइतकी पुरे. मधल्या कमानीला सहावा हिस्सा, अंगाजवळच्या शेवटच्या कमानीला चौथा, कारण तिथे कातडं सैल असतं. पंख खाली झेप घेत असेल तर हवा पडदा मागे फुगवते. तेव्हा दोन हँडलांपैकी मागचं थोडं जास्त खोल न्यावं, म्हणजे कमानीचा तळ मधोमध न राहता सरकतो. एवढ्याशा फरकानं पंखात हालचाल येते.

बोटांच्या टोकांवरचे नोड कोपऱ्याचेच हवेत. इंकस्केपमध्ये नोड निवडून शिफ्ट आणि सी, इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट दाबून हँडल मोडायचं. एखादा चुकून स्मूथ राहिला की एका कमानीचं हँडल हलवल्यावर शेजारची कमानही हलते, आणि टोक गोल होऊन बसतं. पडद्यावरच्या सुरकुत्याही कडेला समांतर काढू नयेत. ताण बोटांच्या टोकांतून आणि मनगटातून येतो, सुरकुत्याही तिथूनच पसरतात.

केस, ज्वाळा, धुराच्या बटा यांचं तंत्र एकच, त्यामुळे थोडक्यात. प्रत्येक बट म्हणजे दोन कडांचा बंद आकार. बुंध्याला आणि टोकाला कोपरा, मध्ये प्रत्येक कडेवर एकच नोड. दोन कडांवरचे ते नोड समोरासमोर ठेवू नयेत. बाहेरच्या कडेचा फुगवटा बुंध्याकडे, आतल्या कडेचा जरा पुढे. समोरासमोर ठेवले की बट पानासारखी दिसते आणि ज्वाळेचा वेग जातो. वेलबुट्टी काढताना फांदी खोडातून निघते तिथे तिचं पहिलं हँडल खोडाच्या स्पर्शरेषेवरच हवं. कोनात निघालेली फांदी खोडाला टोचल्यासारखी दिसते. मंतरलेल्या वर्तुळांना तर वक्राचा प्रश्नच फारसा नाही. चार नोडांच्या वर्तुळात चूक त्रिज्येच्या ०.०२७ टक्के असते, हजार पिक्सेल त्रिज्येच्या चंद्रालाही पाव पिक्सेलच्या आसपास. सात पाकळ्या फिरवायच्या तर कोनाच्या चौकटीत थेट ३६० भागिले ७ लिहावं. ५१ लिहून मोकळं झालं तर शेवटच्या फटीत तीन अंशांची तफावत जमते.

अणकुचीदार टोकांना वेगळाच त्रास आहे. नखं, काटे, सुळे यांना बाह्यरेषा दिली की काही टोकं तासलेली निघतात, शेजारची तशीच्या तशी टोकदार. दोष आपल्या वक्राचा नसतो, 'मायटर लिमिट'चा, म्हणजे बाह्यरेषेचं टोक किती लांब जाऊ द्यायचं या मर्यादेचा असतो. एसव्हीजी या व्हेक्टर फाइलींच्या प्रकारात ही मर्यादा मुळात ४ असते, म्हणजे २९ अंशांहून अरुंद टोक छाटलं जातं. इलस्ट्रेटरमध्ये १० असते, तिथे साडेअकरा अंशांखालचं. म्हणून तेच नख एका प्रोग्राममध्ये टोकदार आणि दुसऱ्यात बोथट दिसतं. मर्यादा वाढवली की टोक परत येतं, पण अपेक्षेपेक्षा लांब. ६ पिक्सेलच्या रेषेचं १० अंशांचं टोक नोडच्या ३४ पिक्सेल पुढे जाऊन संपतं. नखाला स्ट्रोक देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. गडद रंगाचा एक आकार खाली आणि थोडा लहान फिका आकार वर ठेवला की रेषेची जाडीही हवी तशी कमी-जास्त करता येते, आणि चित्र लहान-मोठं करताना स्ट्रोक सोबत बदलला की नाही, ही चिंताही मिटते.

दोन आकार कडेला कड लावून ठेवले की मध्ये केसाएवढी फिकी फट दिसते. नोड तंतोतंत जुळलेले असले तरी दिसते. कडेवरच्या पिक्सेलचा अर्धा भाग एका आकारानं झाकला, उरलेल्या अर्ध्यापैकी निम्माच दुसऱ्यानं झाकला जातो, कारण प्रोग्राम दोघांना एकामागून एक रंगवतो. एकूण ७५ टक्के झाकलं, २५ टक्के पार्श्वभूमी झिरपली. उपाय म्हणजे खालचा आकार वरच्याच्या खाली दोन पिक्सेल सरकवून ठेवणं, किंवा सगळ्या तुकड्यांखाली अख्ख्या अंगाचा एकसंध आकार घालणं. दुसरा मार्ग जास्त सोयीचा, कारण तोच आकार पुढे मास्क, म्हणजे रंग कडेबाहेर जाऊ न देणारा साचा, म्हणूनही लागतो.

पेन्सिलनं काढलेलं स्केच आधीच हातात असेल तर 'ट्रेस' करून, म्हणजे प्रोग्रामकडूनच रेषा आखून घेऊन, पाथ मिळतो, हे खरं. पण ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामला शेपटी माहीत नसते, त्याला फक्त पिक्सेलची सीमा दिसते, कागदाच्या खरखरीसकट. इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि एल दाबून पाथ सोपा करता येतो आणि पटापट पुन्हा दाबलं की तो दर वेळी जास्त जोरानं सोपा होतो. पण नखांची टोकंही त्यात विरघळतात. स्केच खालच्या लेयरवर फिकं करून त्यावर पेन टूलनं नव्यानं पाथ काढायला वेळ थोडा जास्त लागतो, पण दुरुस्तीचा वेळ त्याहून जास्त वाचतो. नोड कमी पडतोय असं वाटलं तर बिनधास्त घालावा. नवा नोड घातल्यानं वक्र हलत नाही, तो दोन तुकड्यांत अचूक विभागला जातो. ही विभागणी द कास्तेल्झो यांच्याच रीतीनं होते. नोड काढून टाकताना मात्र आकार बदलतो. इंकस्केपमध्ये डिलीट दाबलं तर प्रोग्राम जुना आकार राखायचा प्रयत्न करतो, कंट्रोल धरून डिलीट दाबलं तर शेजारची हँडलं जशीच्या तशी ठेवतो. स्वच्छ वक्र हवा असेल तर बहुतेक वेळा दुसरंच बरं.

आकार तयार झाला की रंगवायला न्यायचा. क्रिटामध्ये ४.० आवृत्तीपासून व्हेक्टर लेयर एसव्हीजीवरच चालतात, त्यामुळे इंकस्केपचे साधे आकार तिथे विनातक्रार येतात. फोटोशॉपमध्ये पाथ निवडून कंट्रोल आणि एंटर दाबलं की सिलेक्शन मिळतं. इंकस्केपच्या जुन्या फाइली उघडताना माप तपासावं. ०.९२ आवृत्तीपासून एका इंचात ९६ पिक्सेल धरले जातात, त्याआधी ९० होते. निर्यात करताना डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके याच्या) भानगडीत न पडता पिक्सेलमध्येच माप द्यावं. ए३ कागदावर ३०० डीपीआयनं छापायचं तर ३५०८ गुणिले ४९६१.

रंगवण्याआधी अख्खा आकार काळ्यानं भरून, आडवा उलटवून, बोटाच्या पेराएवढा लहान करून पाहावा. शेपटी कुठे संपते आणि पंख कुठे सुरू होतो हे तेवढ्या आकारात कळलं नाही, तर खवल्यांनी ते कळणार नाही. मग अख्ख्या अंगाचा आकार मास्क म्हणून लावून आत रंगकाम सुरू करावं. व्हेक्टरची कड सगळीकडे सारखीच धारदार असते, आणि ती तशीच ठेवली तर जनावर मागच्या हवेत मिसळत नाही. डोकं, पुढचा पंजा, जवळच्या पंखाची कड धारदार राहू द्यावी. दूरच्या पंखाची टोकं, धुक्यात शिरणारी शेपटी, पोटाखालचा अंधार इथे मास्कवर मऊ ब्रश फिरवून कड हरवावी. हे काम पाथवर न करता पिक्सेलच्या वेगळ्या मास्कवर करावं आणि मूळ पाथ खाली कुलूप लावून ठेवावा. प्रकाशाची दिशा बदलली, पंख जरा वर उचलावासा वाटला, तर हरवलेल्या कडा पुसून मूळ रेषा परत मिळते, आणि त्या कमानीचं एकच हँडल हलवून नवा पंख तयार होतो.